इंजिनावरची शाल

दिगंबर उमाळे बोटीवर पाय ठेवण्याआधी मनगटावरचं घड्याळ काढून चहाच्या डब्यात टाकायचे आणि झाकण घट्ट लावायचे. आता हेच गृहस्थ आयर्लंडमधल्या डंडॉकच्या आमच्या ऑफिसात कुठलं काम किती दिवसांत होईल याचे अंदाज द्यायचे, आणि त्यांचा अंदाज कधी चुकल्याचं मला आठवत नाही. पण बोटीवर "कधी पोहोचू?" असं विचारलं की ते मान वर करून शिडाकडे बघायचे.

"मले काय विचारता भाऊ? वाऱ्याले विचारा."

मूळचे नागपूरचे. शॅनन नदीवर त्यांची एक जुनी, लहानशी शिडाची बोट होती. तिला ते 'बाई' म्हणत आणि अहो-जाहो करत. "आज बाईंचा मूड नाही," असं म्हणून खुशाल धक्क्यावर दिवसभर बसून राहत. बोटीवर चपला चालत नसत. एकदा जलमार्ग खात्याचा आयरिश इन्स्पेक्टर तपासणीला आला, तर त्यालाही बूट काढायला लावले. त्याच्या मोज्याला भोक होतं. तो परत कधी आला नाही.

बोटीला मागे एक इंजिन होतं. उमाळे ते वापरत नसत. त्यावर जुनी शाल पांघरलेली असे. "हे आमचे सासरेबुवा," असं त्यांनी पहिल्या दिवशी मला सांगितलं. "मान द्यायचा, काम सांगायचं नाही." शीड असताना इंजिन लावणं म्हणजे हार, असं त्यांचं मत होतं, आणि हे ते पूर्वी बायकोसमोर इतक्यांदा बोलले होते की आता मागे फिरायची सोय नव्हती.

बायको, शैलाताई, दक्षिणेकडच्या शॅनन गावी औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात रात्रपाळीला. नोकऱ्यांमुळे दोघं देशाच्या दोन टोकांना. उन्हाळ्यात बोट उत्तरेला, नदीच्याच वाटेवरच्या लॉफ री या तळ्यावर असे. हिवाळ्यासाठी उमाळे ती दरवर्षी दक्षिणेला किलालूला नेऊन ठेवत. मी एकदा कागद घेऊन मांडून दाखवलं, की लॉफ रीवरही बोट ठेवायची सोय आहे, शिवाय डंडॉकहून किलालू जवळजवळ दुप्पट लांब पडतं. उमाळ्यांनी कागद नीट पाहिला.

"हिशोब बरोबर आहे," म्हणाले. "पण बाईंना तिकडचं पाणी मानवते."

दसऱ्याला किलालूच्या धक्क्यावर शैलाताईंना सोनं द्यायचं असा त्यांचा बेत असे. आधीची तीन वर्षं बोट लागेपर्यंत ताई पाळीवर निघून गेलेल्या. त्या वर्षी दसरा रविवारी होता. ताईंनी फोनवर सांगितलं, ते स्पीकरवर मीही ऐकलं. "रविवारी साडेसहाला मी निघणार. तोवर आले नाही ना, तर ठेवा तुमची बोट तिकडेच. इकडे यायचं काही कारणच नाही मग."

उमाळे फोन ठेवून बराच वेळ दोर गुंडाळत बसले. तो आधीच गुंडाळलेला होता.

म्हणून मी मदतीला गेलो. गुरुवारी निघालो. अॅथलोनचं लॉक, म्हणजे बोटी खालच्या पातळीला उतरवणारा दरवाज्यांचा हौद, वल्ह्यांनी पार केलं. पुढे काठावर पिवळी झालेली बर्चची झाडं लागली. उमाळ्यांनी पानं वेचून खिशात भरली. "आपल्याकडे हिरव्या पानाले सोनं म्हणतात. इथं पाहा, रंगासकट भेटते." मीलिकच्या लॉकवर त्यांनी एक पान लॉक-कीपरच्या हातात ठेवलं. दसऱ्याला परत भेट नाही, म्हणून आगाऊ. त्याने पान उलटसुलट करून पाहिलं.

"ग्रँड," तो म्हणाला. "पण लॉकचे पैसे तेवढे वेगळे बरं का."

शुक्रवारी संध्याकाळी पोर्टुम्नाला पोचलो. पुढे फक्त लॉफ डर्ग हे मोठं तळं उरलं होतं. शनिवारी सकाळी उठलो तर उत्तरेचा सुंदर वारा, जणू आमच्यासाठीच मागवलेला. आणि उमाळे आंघोळ करून खंडेनवमीची पूजा करत होते. सुकाणू, डोलकाठी, शीड, वल्ही, सगळ्यांना हळदकुंकू लावून झालं होतं. मी म्हटलं, "छान. आता निघू या."

उमाळ्यांचा हात तसाच हवेत राहिला. चेहरा उतरला.

"आता कसं निघता भाऊ? पूजेले लावलेल्या हत्याराले आज हात नाही लावत."

"मग निघायच्या आधी पूजा कशाला केलीत?"

"दरसाली घरी करतो ना! घरी कुठं जायचं असते?"

मी शालीकडे बोट दाखवलं. "त्यांची पूजा झालेली नाही. नियमाप्रमाणे ते चालतात."

"वकील व्हायचं होतं तुम्ही," उमाळे म्हणाले आणि पाठ फिरवून बसले. तो सुंदर वारा दिवसभर आमच्या अंगावरून दक्षिणेला गेला.

रविवारी पहाटे निघालो. दुपारपर्यंत निम्मं तळं कापलं आणि वारा पडला. शीड वाळत घातलेल्या धोतरासारखं लोंबत राहिलं. पाणी आरशासारखं, दोन्ही काठांवर तांबूस डोंगर, एक बगळा. फार सुंदर दृश्य होतं आणि मला काही सुचत नव्हतं. मनात अंतर काढलं, भागाकार केला. अर्ध्या तासात इंजिन लागलं तर ताई भेटतील, नाही तर नाहीत. हे मी उमाळ्यांना सांगितलं नाही. अंदाज त्यांना माझ्यापेक्षा चांगले येतात.

ते शिडाकडे बघत होते. मग उठले. चहाचा डबा उघडून घड्याळ काढलं, पाहिलं आणि मनगटावर बांधलं. शाल काढून घडी करून माझ्याकडे दिली. कुंकवाची डबी आणली, इंजिनाला बोट टेकवलं, हात जोडले आणि दोरी ओढली.

पहिल्याच झटक्यात सुरू झालं. मी त्यांच्याकडे बघतच राहिलो.

"पेट्रोल ताजं आहे," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "दर महिन्याले बदलतो. ठेवा लागते."

किलालूचा पूल दिसला तेव्हा ऊन उतरलं होतं. धक्क्यावर शैलाताई उभ्या होत्या, काठाच्या साडीवर कारखान्याचं जाकीट घालून. उमाळ्यांनी इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं.

"आवाज आला मले लांबूनच," ताई म्हणाल्या.

"वारा पडला होता."

"तो दरसाली पडते."

उमाळ्यांनी खिशातून एक पिवळं पान काढून त्यांच्या हातावर ठेवलं. "सोनं घ्या." ताईंनी ते जाकिटाच्या खिशात ओळखपत्रामागे सरकवलं. पिशवीतून डबा काढला. "श्रीखंड आहे. वीस मिनिटं आहेत माझ्याकडे."

"पंचवीस," उमाळे मनगटाकडे बघून म्हणाले.

दोघं धक्क्याच्या कडेला बसले. मला हाक आली, पण मी म्हटलं, दोर बांधायचे राहिलेत. बांधून झाले होते. शाल इंजिनावर परत घालावी म्हणून हात लावला तर ते अजून गरम होतं. मग शाल मांडीवर घेऊन तसाच बसून राहिलो.