वायफायला न दिसलेले हिंमतराव

या व्यवहारात हिंमतरावांना मिळायचे होते सारंगखेड्याच्या यात्रेचे दोन दिवस, भरपगारी, आणि वर बायकोची, प्रमिलाबाईंची, वर्षभराची मर्जी. पदरचे घालायचे काहीच नव्हते. नंदुरबारच्या त्या मिरची कंपनीचा नियमच होता, महिनाभर खाडा नाही त्याला यात्रेची सुटी. आणि मिरची वाळवायच्या मैदानावरचे, पथारीवरचे मुकादम हिंमतराव खाडा करणारे नव्हेत.

नेमके त्याच महिन्यात कंपनीने हजेरीचे रजिस्टर बंद केले. ऑफिसचे वायफाय आपल्या फोनला जोडले की हजेरी आपोआप. वायफायही मोठ्या कंपन्यांत असते तसले, नुसत्या पासवर्डवर आत न घेणारे. यात्रेतले घोडे टिपायला हिंमतरावांनी नवाकोरा फोन घेतला होता, जुना बायकोला दिला होता. नवा अडून बसला.

"मी आठे उभा शे. तुले दिखस ना?" त्यांनी कॉम्प्युटरवाल्या आफताबला विचारले.

"मले दिखस, आप्पा. वायफायले दिखत नही."

डोमेन लागेल, सर्टिफिकेट लागेल, असे आफताबने घाईत सांगितले. मुलांच्या अ‍ॅडमिशनला हिंमतरावांनी हेच ऐकले होते. डोमेन हे डोमिसाईलचेच लाडाचे नाव समजून ते दुसऱ्या दिवशी सेतू केंद्राच्या रांगेत लागले. ज्या कंपनीच्या भिंतीला उभा जन्म पाठ टेकली तिने आपल्याला रहिवासी कुठला असे विचारावे, हा संताप सगळ्या रांगेला ऐकून घ्यावा लागला.

अर्जाची पोचपावती आफताबने दोनदा वाचली. मग त्याने समजावले की, हे सर्टिफिकेट तहसीलदाराचे नव्हे, सर्व्हरचे. ते मुख्य कार्यालयाने पाठवलेलेच नाही, आणि त्यावाचून नवे फोन जुळत नाहीत. पहिल्या दिवसाची हजेरी तो लिहून दुरुस्त करणार होता. कालचा, रांगेतला, मात्र खराच खाडा होता. यात्रेची सुटी गेली.

"जुना फोन चाली, आप्पा. तो भोळा ऱ्हास, काही इचारत नही."

"म्हंजे मी पैसा दीसन संशयी फोन लिधा."

जुना फोन घरून आणला, तो लगेच जुळला. तेव्हापासून प्रमिलाबाईंचा फोन रोज कामाला जाऊ लागला, नवा हिंमतराव हातचा सोडेनात, आणि बहिणीशी त्यांचे बोलणे तुटले. यात्रेच्या सकाळी त्यांनी तो सरळ पिशवीत टाकला.

"हाजेरी मन्हा फोनवर लागस, मंग सुटी बी मन्हीच शे," म्हणाल्या आणि बहिणीला घेऊन सारंगखेड्याला गेल्या.

हिंमतराव दोन्ही दिवस उन्हात, शिंकत, पथारीवर मिरची राखत होते. वायफायच्या लेखी ते यात्रेत होते, बिनपगारी. लिहून दुरुस्त करणारा आफताब तेव्हा खरोखरच यात्रेत होता, भरपगारी. घोडे प्रमिलाबाईंनी पाहिले, पगार हिंमतरावांचा कापला.