अंड्यांवरचा अंगठा

माणसाने आयुष्यात काय केलं याला फारशी किंमत नसते. ते केलं हे दाखवता येतं का, याला असते. हे तत्त्व समाजाने फार पूर्वीच मान्य केलेलं असून त्यावर आजवर कोणीही गंभीर हरकत घेतलेली नाही. (ज्यांनी घेतली, त्यांना ती घेतल्याचा पुरावा देता आला नाही.)

प्रस्तुत हकिगत एका वहिनींची आहे. नात्याने त्या एकाच माणसाच्या वहिनी होत्या, पण सगळी इमारत त्यांना वहिनीच म्हणायची. वहिनी पॉलिमर क्लेची अंडी करत. ही क्ले नावाने माती असली तरी माती नव्हे. ते एक मऊ, रंगीत प्लास्टिक असतं. कणकेसारखं मळायचं, हवा तो आकार द्यायचा आणि ओव्हनमध्ये मंद आचेवर भाजायचं, की ते कडक होतं. वहिनी त्याची पक्ष्यांची अंडी करत: चिमणीचं, घुबडाचं, टिटवीचं ठिपकेवालं, बदकाचं फिकट निळसर. मापाने, रंगाने, ठिपक्यांनी अगदी खरी. एकाही पक्ष्याने तक्रार केल्याची नोंद नाही.

वहिनींच्या यजमानांनी एकदा टेबलावरचं बदकाचं अंडं उचलून उकडत ठेवलं होतं. बऱ्याच वेळाने ते स्वयंपाकघरातून एवढंच म्हणाले की, अगं, गॅस मंद झालाय का बघ. वहिनींना तोवर मिळालेली ती सर्वोच्च दाद.

या कलेला एक शत्रू आहे, तो म्हणजे बोटाचा ठसा. कच्च्या क्लेला नुसतं बोट लागलं तरी त्यावरची प्रत्येक रेष उमटते. म्हणून भाजून झालं की अंडं पाण्यात धरून पॉलिश पेपरने घासायचं. आधी खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक, आणि शेवटी जुन्या जीन्सच्या तुकड्याने, चमक येईपर्यंत. अंडं करायला एक सकाळ पुरायची. ते आपण केलंय हे पुसून टाकायला उरलेला आठवडा लागायचा.

घरात भाऊजीही होते. यजमानांचे धाकटे भाऊ. चार दिवस राहायला म्हणून आले होते, आणि बोललेल्या शब्दाला उगाच चिकटून राहायचं नाही हा त्यांचा स्वभाव होता. भाऊजी हे अत्यंत सज्जन गृहस्थ. हे टोमण्याने म्हटलेलं नाही. त्यांनी कधी कोणाचं वाईट केलं नाही, कारण त्यांनी कधी काही केलंच नाही. सोफ्यावर बसून ते वहिनींना 'अजून थोडं गुळगुळीत हवं' असा सल्ला देत, आणि चहा आला की सल्ला तेवढ्यापुरता स्थगित ठेवत.

वहिनींना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. हस्तकला मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात खिडकीजवळचं टेबल, आणि त्यावर आपल्या नावाचं कार्ड. टेबल एक वेळ नसतं मिळालं तरी चाललं असतं. कार्ड हवं होतं. दरवर्षी त्यांची अंडी 'इतर' या विभागात, मेणबत्त्यांच्या मागे मांडली जात आणि पुढे लिहिलेलं असे, 'अंडी (शोभेची)'. जणू ती कोणी घातली होती.

या वर्षी खिडकीचं टेबल मिळणार असं जवळजवळ ठरलं होतं. तेवढ्यात सुधारणा आली.

झालं होतं असं की, मागच्या प्रदर्शनात हाताने विणलेल्या म्हणून विकल्या गेलेल्या टोप्यांच्या आत कारखान्याचं लेबल सापडलं. मंडळाची पार अब्रू गेली. यावर मंडळाने हस्तस्पर्श पडताळणी उपसमिती नेमली, आणि उपसमितीने अतिशय विचारपूर्वक नियम केला: 'प्रत्येक वस्तूवर कर्त्याच्या बोटाचा किमान एक सुस्पष्ट ठसा असणे अनिवार्य राहील.' एक ठसा असेल तर वस्तू हस्तनिर्मित. तीन असतील तर अस्सल हस्तनिर्मित. ठशासोबत एखादा केसही चिकटलेला आढळला तर पारंपरिक वारसा.

नियमाचं सर्वत्र स्वागत झालं. स्वेटर विणणाऱ्या आजींनी अंगठा शाईत बुडवून प्रत्येक स्वेटरच्या छातीवर उमटवला. काच फुंकणाऱ्या गृहस्थांनी नियमाचं तंतोतंत पालन केलं. ते आता बरे आहेत. गिऱ्हाइकंही हुशार झाली, वस्तू घेण्याआधी ती तिरकी धरून ठसा शोधू लागली, आणि कुंकवाच्या डबीएवढ्या वस्तूवरही 'इथे बोट दिसत नाही हो' असं म्हणू लागली. टोप्यांच्या कारखान्याने तर रबराचा अंगठाच करून घेतला. त्याच्या मालाला 'अस्सल' दर्जा मिळाला. नियम सर्वांना सारखा असतो.

उपसमितीच्या अध्यक्षबाईंनी वहिनींचं घुबडाचं अंडं भिंगाखाली धरलं, फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"फार सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "म्हणूनच शंका येते."

यावर वहिनी जे बोलल्या ते इतिवृत्तात घेतलेलं नाही. घरी येऊन त्यांनी पर्स सोफ्यावर आपटली (भाऊजींनी पाय थोडे बाजूला घेतले) आणि क्लेचा गोळा मळायला घेतला. एवढी वर्षं जो ठसा घासून काढला तोच हवा असेल, तर घ्या म्हणावं. त्यांनी गोळ्यावर अंगठा दाबला आणि उचलला.

गोळ्यावर खळगा पडला होता. गुळगुळीत, छान खळगा. रेष एकही नव्हती.

त्यांनी तर्जनी दाबून पाहिली, मधलं बोट पाहिलं, डावा हात पाहिला. सगळीकडे तेच. पॉलिश पेपर अंड्याच्या एका बाजूला असतो आणि बोट दुसऱ्या बाजूला. तो दोघांत भेदभाव करत नाही. इतकी वर्षं वहिनी अंडी घासत होत्या असं सगळ्यांना वाटत होतं. आधी त्यांना हसू आलं. मग त्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांना चांगलंच रडू आलं.

यजमानांनी ताबडतोब आपला अंगठा देऊ केला. पण वहिनी कामात असल्यामुळे घरातली भांडी वर्षानुवर्षं तेच घासत होते, आणि काथ्याही काही कमी नसतो. त्यांच्या ठशात दीड रेष आली. उपसमितीला ती पुरली नसती.

घरात आता एकच अंगठा उरला होता. तो त्या वेळी पेपर वाचत होता.

भाऊजी एका शब्दाने नाही म्हणाले नाहीत. चहानंतर घेऊ या म्हणाले. भाजलेल्या अंड्यावर ठसा उमटत नाही, म्हणून वहिनींनी प्रत्येक अंड्यावर कच्च्या क्लेची नखाएवढी चकती बसवली, भाऊजींनी तिच्यावर अंगठा टेकवला आणि अंडी परत ओव्हनमध्ये गेली. ठसा काय वर्णावा. मध्यभागी भोवरा, भोवती एकेक रेष सुटी, स्वच्छ, कशालाही कधी न लागलेली. घुबडाच्या अंड्यावर तो उमटलेला बघून वहिनींचा हात सवयीने पॉलिश पेपरकडे गेला. भाऊजींना थकवा आला होता, ते जरा पडले.

अंडी 'हस्तनिर्मित' ठरली. खिडकीजवळचं टेबल मिळालं. कार्डही होतं, सुबक अक्षरातलं, आणि त्यावर भाऊजींचं नाव होतं.

नियमात तसंच होतं. ज्याचा ठसा, तो कर्ता. वहिनी तडक अध्यक्षबाईंकडे गेल्या आणि ही अंडी माझी आहेत म्हणाल्या. अध्यक्षबाई अजिबात रागावल्या नाहीत. त्यांनी ठसे जुळवायचं नवं यंत्र पुढे सरकवलं, वहिनींनी त्यावर अंगठा ठेवला, आणि यंत्राच्या पडद्यावर अक्षरं आली: 'हात आढळला नाही. पुन्हा प्रयत्न करा.'

वहिनींनी पुन्हा प्रयत्न केला. दहाही बोटांनी केला. यंत्र शेवटपर्यंत सौजन्याने वागलं.

"आम्ही तुम्हाला खोटं ठरवत नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पण तुमच्याकडे हाताची काही नोंदच नाही ना."

भाऊजींबद्दल कोणी गैरसमज करून घेऊ नये. त्यांनी उद्घाटनाच्या वेळी सगळ्यांसमोर माइकवर सांगितलं की, मी यातलं काहीही केलेलं नाही, सगळं वहिनी करतात, मी फक्त अंगठा टेकवला. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. खरा कलावंत असाच नम्र असतो, असं अध्यक्षबाईंनी आभाराच्या भाषणात नमूद केलं. भाऊजींनी परत माइक मागितला तेव्हा त्यांना नम्रतेबद्दल वेगळं पदक मिळालं. तिसऱ्यांदा त्यांनी मागितला नाही. वहिनी त्या वेळी टेबलामागे उभ्या होत्या, छातीवर 'मदतनीस' असा बिल्ला लावून, आणि फडक्याने अंडी पुसत होत्या.

घरी आल्यावर भाऊजी सोफ्यावर बसले नाहीत. पदक टेबलावर ठेवून उभेच राहिले.

"वहिनी, मला काहीतरी करायला सांगा हो," ते म्हणाले. "असं बरं नाही वाटत."

वहिनींनी त्यांच्यापुढे पाण्याचं भांडं ठेवलं. एक अंडं ठेवलं. पॉलिश पेपर ठेवला.

"घासा," त्या म्हणाल्या.

भाऊजी घासू लागले. पहिले काही दिवस लाजेने घासलं, मग बोटं सुजली म्हणून कुरकुरत घासलं, आणि मग एका सकाळी टिटवीच्या अंड्यावर अशी काही चमक आली की ते चहा विसरले. 'अजून थोडं गुळगुळीत हवं' हे आता ते स्वतःलाच सांगत. ही बातमी मंडळापर्यंत पोचताच तिथे खळबळ उडाली. उपसमितीने तातडीचं पत्र पाठवलं की, सन्माननीय कलावंताने अंगठा टेकवण्यापलीकडे आपल्या कलाकृतीस हात लावू नये. त्याने कलेचे अपरिमित नुकसान होण्याचा संभव आहे. भाऊजींनी पत्र वाचलं, ओले हात त्याला पुसले आणि पुढचं अंडं घेतलं.

पुढच्या प्रदर्शनाच्या वेळी यंत्राला त्यांचाही हात आढळला नाही. भाऊजी जिने चढत धापा टाकत घरी आले आणि त्यांनी अंगठा वहिनींसमोर धरला. वहिनींनी तो उजेडात नेऊन नीट पाहिला.

"आता झाला अंगठा," त्या म्हणाल्या. वहिनींनी भाऊजींचं कौतुक केल्याची ही एकमेव घटना.

अंडी अर्थातच अपात्र ठरली. सध्या ती स्वयंपाकघराच्या खिडकीत मांडलेली असतात, आणि इमारतीतले लोक येता-जाता वर बघतात. पुढे कार्ड आहे. त्यावर वहिनींचं नाव आहे, वहिनींनीच लिहिलेलं. (मंडळाच्या मते, ते हस्तलिखित असल्याचं सिद्ध झालेलं नाही.) त्या कार्डावरची धूळ पुसायची पाळी भाऊजींची असते.

मंडळापुढे मात्र अडचण उभी राहिली आहे. खिडकीजवळचं टेबल रिकामं असून त्यासाठी एका योग्य अंगठ्याचा तातडीने शोध सुरू आहे. अनुभवाची अट नाही. किंबहुना अनुभव असल्यास अर्ज बाद होईल. आपण इथवर निवांत बसून वाचलं आहे, तेव्हा आपला विचार व्हायला हरकत नाही. आपला अंगठा जरा उजेडात धरून पाहावा. रेषा ठळक, सुट्या, स्वच्छ दिसतात ना? मग अभिनंदन, आपण कलावंत आहात. अर्ज करून टाकावा. आपल्या घरी घासायचं काम कोण करतं त्यांचं नाव लिहायची गरज नाही. त्यासाठी अर्जात जागा ठेवलेली नाही.