मौनात लिहिलेला कागद

श्रावणी सोमवारी देवराम अर्जवाले दुपारी बारापर्यंत मौन पाळत. चांदवडच्या कचेरीबाहेर लिंबाखाली चटई टाकून ते लोकांचे कागद लिहून देत. या धंद्याला हात पुरतो, तोंड लागत नाही, असा त्यांचा समज होता.

त्या सोमवारी लंकाबाई समोर येऊन बसल्या.

"भाऊ, आमचा वाल्मीक सतरा वर्साचा हाय. जहाजावर खलाशाचं काम शिकायला घेतलाय त्याला. घरच्यांची संमती उद्या सकाळी मुंबईत पायजे, नायतर नाव कापत्यात. माझा भाऊ अकराच्या गाडीनं कागद घेऊन चाललाय. लिवा लवकर."

देवरामांना दोन-चार गोष्टी विचारायच्या होत्या. पण महादेव ऐकत होता. त्यांनी मान डोलावली आणि पेन चालवलं. शेवटी नेहमीचं वाक्य लिहिलं, 'वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मला मान्य आहे,' आणि शाईचं पॅड पुढे सरकवलं.

लंकाबाईंनी हात पदराखाली घेतला. "आधी वाचून दाखवा. सोमवारचा उपास हाय माझा. खोट्यावर अंगठा नाय लावायची."

देवरामांनी ओठांवर बोट ठेवलं, मग आभाळाकडे दाखवलं, मग घड्याळातल्या बारावर टेकवलं.

तेवढ्यात भाऊ पुंजाराम धावत आला. "आक्का, गाडी लागली! आण, मी वाचतो. सातवी पास हाय मी." त्याने कागद सुलटा धरला, उलटा धरला. "देवरामभाऊ, हे लिवलंय का मुंग्या सोडल्यात?"

देवरामांचं अक्षर आजवर कुणी वाचलंच नव्हतं. साहेब लोक नुसती सही करत.

स्टँडवरून हॉर्न वाजला. लंकाबाईंचे डोळे भरले. "पोराचं नशीब तुमच्या तोंडात अडकलंय, भाऊ."

देवरामांनी दोन्ही कान धरले, त्र्यंबकच्या दिशेला हात जोडले आणि घसा खाकरून वाचायला घेतलं, "मी लंकाबाई, कैलासवासी सावळीराम यांची विधवा..."

झाडापलीकडे पाठ करून बसलेला एक माणूस ताडकन उठला. "कोन कैलासवासी?"

निराधार विधवांचे अर्ज लिहून लिहून देवरामांच्या हाताला सवयच लागली होती. एकटी बाई समोर बसली, की हात आपोआप नवरा मारत असे.

"हे कोण?" देवरामांनी लंकाबाईंना विचारलं.

"तेच हे," लंकाबाई म्हणाल्या. "पोरानं समुद्रावर जाऊ नाय म्हनून सकाळपासून रुसून बसल्यात."

"अरे देवा! मग बाई, तुमचा अंगठा चालायचा नाही. बाप हयात असला तर बापाचाच लागतो."

सावळीराम ऐटीत पुन्हा खाली बसले. "मंग नाय लावीत मी. पान्यावर काय मानसं राहत्यात?"

"दाजी, पाया पडतो!" पुंजाराम कळवळला. हॉर्न पुन्हा वाजला.

लंकाबाईंनी तोच कागद शांतपणे पुढे ओढला. पॅडवर अंगठा दाबला. "नका लावू. आता वाचून दाखवलाय, मला मान्य हाय. असाच धाडते."

सावळीरामांनी कागदाकडे पाहिलं, बायकोच्या कुंकवाकडे पाहिलं. लंकाबाईंचा अंगठा कागदावर खाली यायला लागला.

"थांब, थांब की! देवरामभाऊ, दुसरा लिवा. आन बाप जित्ता हाय, हे मोठ्या अक्षरात लिवा."

नवा कागद चार ओळींत उरकला. सावळीरामांनी त्यावर एक सोडून दोन्ही अंगठे उमटवले, आणि ओली शाई फुंकत पुंजाराम गाडीमागे पळाला.