साळवीबाईंची शिक्षा

मेट्रन साळवीबाई आमचे हात हुंगायच्या. ही साठ-बासष्ट सालची गोष्ट. पालघरच्या आमच्या छोट्या इस्पितळात सकाळी आम्ही नर्सेस रांगेत उभ्या राहायचो आणि बाई नाक पुढे करून एकेकीपाशी थांबायच्या. "साबणाचा वास नाही. परत धू!" इस्पितळ मूठभर खाटांचं, पण बाईंचा तोरा असा, की जणू सिव्हिल सर्जन त्यांना विचारून जेवतो. चुकलेलीला त्या 'बाळ' म्हणत. 'बाळ' ऐकलं की समजायचं, आता आपली धडगत नाही.

एकदा नव्या कुसुमनं घाईत सुई नीट न उकळताच शिरगावच्या जानकीबाईला इंजेक्शन दिलं. जानकीबाई मासळी विकायची. तिच्या दंडावर हे एवढं गळू झालं. डॉक्टर भडकले, "या मुलीला घरी पाठवा!"

आता बाई हिला झिंज्या धरून हाकलणार, अशी आमची खात्री. बाई म्हणाल्या, "घरी बसून काय शिकणार? माझ्याकडे द्या."

त्यापेक्षा घरी गेलेलं बरं! कुसुमनं बाईंसमोर सुया उकळायच्या, का उकळायच्या ते घोकायचं आणि दुपारी टांग्यानं शिरगावला जाऊन जानकीबाईचं ड्रेसिंग करायचं. बाई सोबत. वेठीला मीही. जानकीबाईच्या अंगणात बोंबील सुकत होते. बाईंच्या नाकाची तिथं जी दशा झाली, ती पाहून मी मनापासून सुखावले.

"आधी सांग त्यांना, चूक कुणाची," बाई म्हणाल्या. कुसुमनं रडत सांगितलं.

"आसू दे गो बाय," जानकीबाई म्हणाली.

जखम भरत आली, तरी बाईंचं तोंड थांबेना. "बाळ, हे बँडेज आहे की गोधडी?" शेवटी जानकीबाईच उखडली, "किती वरडता पोरीला! तुमची लेक हाय काय ती?"

मी पदराआड हसू दाबलं. बाईंना ना मूल, ना माणूस, दिवाळीतही वॉर्डातच.

 बाईंनी स्वतःच्या रुमालानं कुसुमच्या कपाळावरचा घाम टिपला आणि आम्हाला शुद्ध बोलायला लावणाऱ्या त्याच बाई म्हणाल्या, "हाय."

परतताना कुसुम त्यांच्या खांद्यावर झोपून गेली. खड्डा आला की बाई टांगेवाल्यावर डाफरत होत्या, पण अगदी हळू आवाजात.