तात्या आणि पिवळी पट्टी

हसुरामतात्या दुसऱ्याच्या मोटारसायकलवर बसतात. न विचारता, हँडल धरून, अगदी ऐटीत बसतात आणि मालक आल्याशिवाय उतरत नाहीत. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा झेरॉक्सच्या मशीनमध्ये घातलेला कागद वाकडाच गेला, कारण तात्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही.

माझं दुकान पेणला, एका सरकारी कचेरीच्या फाटकासमोर. झेरॉक्स, लॅमिनेशन आणि फुकटचे सल्ले. मुळात माझा जीव घाबरट. रस्त्यात कुणी मोठ्याने बोललं तरी मला धडधडतं. अशा बाईच्या डोळ्यांसमोर देवाने तात्यांना आणून सोडलं, त्यात त्याचा काय हेतू होता ते तोच जाणे.

झालं असं, की कचेरीत अंध माणसांसाठी पिवळी फरशी बसवली. उंचवट्यांची, पायाला कळेल अशी. फाटकापासून थेट हयातीच्या दाखल्याच्या खिडकीपर्यंत. म्हाताऱ्यांची, निराधारांची पेन्शन घेणाऱ्यांना दरवर्षी तिथे जाऊन आपण जिवंत असल्याचं दाखवावं लागतं. फरशी बसली, फोटो निघाले आणि लगेच लोकांनी तिच्यावर गाड्या लावायला सुरुवात केली. सावली नेमकी तिथेच पडते, लोक तरी काय करणार!

अशात वडखळच्या बाजूचे, मिठागरावर राबणाऱ्या घरातले हे तात्या उगवले. लहानपणी ताप आला आणि दृष्टी घेऊन गेला. आवाज मात्र असा, की खाडीपलीकडच्या माणसाला घरातूनच जेवायला बोलवावं. काठी टेकत पट्टीवरून आले, एका मोटारसायकलला धडकले, तिला चाचपलं आणि टांग टाकून वर बसले.

मालक धावत आला. "ओ काका, उतरा! गाडी माझी आहे!"

"आसंल. पट्टी सरकारची हाय," तात्या म्हणाले. "पट्टी नेल तिकरं मी जातो. पट्टीनी मना हितं आनलं. आता तुजी गारी खिरकीवर कवा जाते, त्याची वाट बगतोय."

लोक पोट धरून हसले. मी मात्र दुकानात बसून कानकोंडी झाले. पण तात्यांना असल्या भावनांशी देणंघेणं नव्हतं. पट्टीवर बाकडं आलं, की त्यावर आडवे. एकदा चहाची हातगाडी आली, तर तात्या गाडीमागे उभे राहून गिऱ्हाइकांना चहा गाळून देऊ लागले! उकळता चहा, आंधळा माणूस! माझ्या तोंडून "अगं बाई" निघालं ते थेट कचेरीच्या व्हरांड्यापर्यंत ऐकू गेलं. चहावाल्याने त्याच दुपारी गाडी हलवली.

खरा कहर मात्र आतमध्ये झाला. खिडकीची खोली हवेशीर, म्हणून नव्या साहेबांनी ती स्वतःला घेतली आणि हयातीची खिडकी मागच्या अंगाला पाठवली. पट्टी जिथल्या तिथेच राहिली. ती आता साहेबांच्या दारातून आत शिरत होती आणि त्यांच्या टेबलाखाली गडप होत होती.

लॅमिनेशन केलेले बोर्ड द्यायला मी नेमकी तेव्हा साहेबांसमोर उभी होते. तात्या आले. काठी टेबलावर खणकन वाजली. त्यांनी टेबल चाचपलं, मान हलवली, खाली वाकले आणि दिसेनासे झाले.

"साहेब, पाय जरा बाजूला घ्या," टेबलाखालून आवाज आला. "पट्टी फुरं जाते."

साहेब खुर्चीसकट भिंतीला चिकटले. त्यांच्या गुडघ्यांपाशी आधी एक काठी निघाली, मग जळमटांनी माखलेलं डोकं. "नमस्कार. हयातीची खिरकी हीच ना?"

"अहो, ती... ती मागे नेली," साहेबांना कसंबसं बोलता आलं.

"मंग पट्टी पन न्या की. ती का हितं येकली बसलीय?"

आता पोलीस येणार, तात्यांना नेणार आणि साक्षीदार म्हणून मलाही नेणार, याबद्दल माझी खात्रीच झाली. आला तो इंजिनीअर. त्याने पाहणी केली, डोकं खाजवलं, आणि फरशी उखडण्यापेक्षा साहेबांना हलवणं सोपं, असं ठरलं. खिडकी मूळ जागी आली.

मी सुटकेचा निःश्वास टाकला. पण मग एकदा भर बाजारात मला तात्या दिसले. ना पट्टी, ना कुणाचा हात. हातगाडी चुकवत, उघडं गटार ओलांडत, माणसांतून सुळकन निघाले आणि रस्ता पार करून गेलेसुद्धा. मी भाजीची पिशवी घेऊन आ वासून उभी. नंतर मला असा राग आला म्हणता! ते दुकानाशी येताच मी तोफ डागली. "तात्या, तुम्हाला पट्टी लागतच नाही! मग कशाला एवढा तमाशा? आमचा जीव जायची वेळ आली!"

तात्या बाकावर बसले. त्यांचा आवाज एवढा खालचा मी कधी ऐकला नव्हता.

"मना कशाला लागंल, बाय? माजा जलम आंधारात गेला. हिराला लागंल."

हिराकाकू म्हणजे त्यांची बायको. डोक्यावर सुक्या मासळीची पाटी घेऊन वर्षानुवर्षं पेणच्या बाजारात यायच्या. त्यांच्याशी घासाघीस करायला भले भले घाबरत. अलीकडे त्या का दिसत नाहीत, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. साखरेच्या दुखण्याने त्यांची नजर गेली होती.

"माजघरातनं भायेर येत नाय," तात्या म्हणाले. "माजा हात धर म्हनलं, तर म्हंते, जलमभर कोनाचा हात धरला नाय, आता धरू? परवा म्हनली, कचेरीत सांग, हिराबाय हयात नाय." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "जितंपनी आसं बोलते गो बाय ती. येकदा खिरकीवर आपल्या पायांनी पोचली ना..."

आपल्या ओळखीचं कुणी असं मरायला टेकलेलं असतं आणि आपल्याला पत्ताच नसतो.

पुढच्याच आठवड्यात फाटकाशी रिक्षा थांबली. हिराकाकू उतरल्या, वाळून अर्ध्या झालेल्या. तात्यांनी त्यांचे पाय पट्टीवर आणून ठेवले. "मी हितंच बसतो फाटकावर," असं मोठ्याने सांगितलं आणि हात सोडला.

काकू बराच वेळ हलल्याच नाहीत. मग काठी टेकली, एक पाऊल टाकलं. मी न राहवून पुढे धावले, तर तात्यांनी पंजा उभारून मला थांबवलं. आपली काठी फाटकाला टेकवून ठेवली, चपला काढून हातात घेतल्या आणि तापलेल्या सिमेंटवरून अनवाणी, काकूंच्या काठीच्या आवाजामागे चालू लागले. मीही दबकत मागोमाग निघाले. पट्टीवर एकही गाडी नव्हती. व्हरांड्यातली माणसं आपणहून भिंतीला सरकली.

"नाव?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"हिराबाय."

"सोबत कोण आलंय, आजी?"

"कोन नाय," काकू म्हणाल्या, तोच बाजारातला खणखणीत आवाज. "मी येकलीच आलेय."

त्यांच्या मागे हातभर अंतरावर तात्या चपला छातीशी धरून उभे होते. गालांवरून पाणी वाहत होतं आणि तोंडातून हू की चू नाही. मला हुंदका आवरला नाही, तर त्यांनी माझ्या दिशेने मान वळवली आणि ओठांवर बोट ठेवलं.