पंतांचा जांभळा कलप

गंगाधरपंतांची मिशी जांभळी झाली ती रविवारी सकाळी, आणि त्याच दिवशी चारच्या गाडीनं तळेगावची मंडळी त्यांच्या मुलीला, चंद्रिकेला, बघायला यायची होती.

मूळ दुखणं कोपरावरचं. पंत लोणावळा स्टेशनात तिकिटं देत. खिडकीच्या कडेला कोपर घासून ते खवलेदार लाल चट्टे उठले असावेत, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. हवापालटाला आलेल्या मुंबईच्या एका डॉक्टरांनी कोपर बघितलं आणि एका डबीत मलम दिलं. "हा सोरायसिस. कुणाला लागत नाही, घाबरू नका."

"मलमाचा काही अपाय?"

"कातडी तांबडीपिवळी होईल. आग होईल. कपड्यांना डाग पडतील, ते निघणार नाहीत. डोळ्याला बोट लावलंत तर डोळा सुजेल. पांढऱ्या केसांना लागलं तर केस रंगण्याचा संभव आहे."

"आणि दुखणं बरं होईल?"

डॉक्टरांनी जरा विचार केला. "त्याचाही संभव आहे."

पंत जुनं धोतर नेसून मलम लावू लागले. डोळ्यांना त्यांनी जिवापाड जपलं. मात्र कुठलंही काम मनासारखं झालं की मिशीला पीळ द्यायची त्यांची सवय होती, आणि शनिवारी मलम फारच मनासारखं लावून झालं. रविवारी आरशात बघतात तो पांढरीशुभ्र मिशी नारिंगी!

"अगबाई!" अनसूयाबाई म्हणाल्या, "मारुतीला शेंदूर फासावा तशी दिसतेय की! थांबा, साबणानं निघेल."

त्यांनी धुण्याच्या साबणाची वडी घेऊन नवऱ्याची मिशी खसाखसा घासली. नारिंगी रंग गेला. त्या जागी गडद जांभळा आला. साबण लागला की या मलमाचा रंग बदलतो, एवढं एक सांगायचं डॉक्टर विसरले होते.

तेवढ्यात वलवणची झुंबरबाई दूध घेऊन दारात आली. पंतांकडे बघून तिनं तोंडाला पदर लावला. "आवं पंत, मिशीनं जांभळं खाल्ली व्हय?"

पंत आत पळाले आणि त्यांनी वस्तरा काढला. "मी ही काढूनच टाकतो."

"खबरदार!" अनसूयाबाईंनी हात धरला. "मामंजी चांगले ओसरीवर पेपर वाचत बसलेत. त्यांच्या मुलाला मिशीशिवाय बघितलं तर पाहुणे मुलगी बघायचं सोडून आधी समाचाराला बसतील!"

"मग खरं सांगून टाकू?"

"कातडीचं दुखणं म्हणालात की लोक महारोगच समजणार. पोर जन्मभर घरात राहील. कलप लावलाय म्हणा. छचोर ठराल, पण निरोगी छचोर!"

चारच्या गाडीनं मंडळी आली. मुलाचे वडील दीनानाथराव तळेगावच्या शाळेत हेडमास्तर होते. ते येऊन बसले आणि त्यांची नजर जी पंतांच्या मिशीवर खिळली ती पोहे आले तरी हलेना. चंद्रिका समोर बसली तेव्हा त्यांनी विचारलं, "मुली, तुझी मिशी... आपलं, तुझं नाव काय?"

चंद्रिकेनं ओठ चावून नाव सांगितलं. मुलगा मात्र खुदकन हसला, आणि मग तीही हसली.

दीनानाथरावांनी त्यांना बाजूला घेतलं. "पंत, ही मिशी..."

"कलप!" पंत ओरडलेच.

"तेच म्हणतो मी. वयाच्या मानानं रुबाबदार दिसते. थोडा मला द्याल?"

आता नाही कसं म्हणणार? पंतांनी अर्धं मलम दुसऱ्या डबीत काढून दिलं. चार दिवसांनी पसंतीचं पत्र आलं. घरात पेढे वाटले गेले, पण पंतांना पेढा गिळवेना. तिकडे हेडमास्तरांच्या तोंडाचं काय झालं असेल?

तीन आठवड्यांनी तिकिटाच्या खिडकीत एक जांभळी मिशी दिसली.

"पंत, जरा बाहेर या."

दीनानाथराव त्यांना थेट मालधक्क्यामागे घेऊन गेले.

"तो कलप नव्हता."

"मास्तर, माझं चुकलं. पोरीसाठी..."

"ऐका आधी." दीनानाथरावांनी कोटाची बाही वर सारली. "चौदा वर्षं या कोपरावर खवले होते. बायकोखेरीज कुणाला दाखवले नाहीत. मिशी रंगवताना थोडं इथं लागलं आणि खाज थांबली. मग रोज लावत गेलो. बघा!"

कोपर तांबडंपिवळं पडलं होतं, पण खवला एकही नव्हता. पंतांनी आपलीही बाही वर केली. दोघं व्याही कोपराला कोपर लावून बराच वेळ उभे राहिले. दीनानाथरावांचे डोळे पाणावले होते.

मग त्यांनी भानावर येऊन इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पण पंत, एक विनंती आहे. हे आपल्या दोघांतच राहू द्या. मुलीकडच्यांच्या कानावर गेलं तर लग्न मोडायचं."

"अहो मास्तर," पंत म्हणाले, "मुलीकडचे आम्हीच!"