पंगत उठेपर्यंत

आमदार प्रभुअण्णांच्या घरात पाऊल टाकताच मुकुंदबुवांनी बोलायला तोंड उघडलं, तोच अण्णांच्या आई, बसव्वा, आडव्या आल्या.

"आदी ऊटा माड्री, जेवून घ्या. जेवल्याबिगर ह्या घरात कामाचं बोलनं न्हाय."

बुवांचा जीव खालीवर झाला. अण्णा जेवून तडक अधिवेशनाला जाणारी रेल्वे गाठायला निघणार होते. बुवा आणि त्यांच्यासोबत आलेला शिवकुमार मिळून गरजूंसाठी धान्यपेढी चालवत. विड्या वळून बोटांच्या रेघा झिजलेल्या बायका रेशन दुकानातून रिकामी पिशवी घेऊन त्यांच्या दारी येत, कारण यंत्रावर अंगठाच उठत नसे. त्यांतल्या येडूबाईची चूल काल पेटली नव्हती, आणि आता पेढीची कोठीही तळाला गेलेली. अंगठा नाही लागला तरी धान्य द्या, एवढं अण्णांनी सभागृहात मांडावं म्हणून ही धडपड. उद्या अधिवेशनाचा शेवटचा दिवस; आज हुकलं तर संपलंच.

पंगत बसली. अण्णांनी भराभर जेवण उरकलं आणि उठायला गुडघा उचलला.

"बस खाली!" बसव्वा कडाडल्या. "पाव्हनं जेवायलेत. शेवटच्याचं ताट रिकामं हुईस्तवर कुनी उठायचं न्हाय."

बुवांना देवच पावला. ते शिवकुमारच्या कानाशी लागले. "शिवा, तू खात राहा. मी बोलतो."

"किती येळ?"

"मुद्दा होईपर्यंत."

पण बुवा पडले जन्माचे कीर्तनकार. नमन केल्याशिवाय त्यांची जीभ वळत नसे. डोळे मिटून त्यांनी अन्नाच्या महिम्याचा पूर्वरंग धरला. अण्णा घड्याळाकडे बघत होते. शिवकुमार कडक भाकरी फोडत होता, शेंगाचटणी लावत होता, आणि बसव्वा वाढत होत्या.

"आई, गाडी जाईल माजी!"

"पाव्हन्याचं ताट बघ आदी."

बुवांनी आवाज चढवून पद धरलं. शिवकुमारच्या कपाळावर घाम आला. त्यानं पट्टा सैल केला.

"बुवा," तो दातांतून पुटपुटला, "आख्यानाला लागा की! मी मरायलोय."

"आलोच, आलोच," म्हणत बुवांनी आणखी एक दृष्टांत घेतला. अण्णांच्या ड्रायव्हरनं बाहेरून हॉर्न मारला. शिवकुमारच्या हातातला घास तोंडाशी थांबला, आत जाईना. अण्णांनी दुसरा गुडघाही उचलला.

तोच बसव्वांनी ताटात आणखी एक भाकरी टाकली आणि लेकाकडे वळल्या.

"प्रभू, यंत्राला अंगठा कळंना म्हून बायामानसं उपाशी ऱ्हायलीत, येडूबाई सकाळीच सांगून गेलीया. येवडंच ह्येंचं म्हननं हाय. मांडतोस का न्हाईस?"

बुवांचं पद मध्येच तुटलं.

"मांडतो की," अण्णा घाईनं म्हणाले. "उद्याच मांडतो. शब्द दिला."

बुवांनी हात जोडले. मग मन खायला लागलं. "आजी, खरं सांगतो, शिवा उपाशी नव्हता. आम्ही मुद्दाम..."

"ठावं हाय," बसव्वा म्हणाल्या. "उपाशी मानूस पयला घास हातात धरून घरच्यांची याद काढतंय. ह्यो आल्या आल्या चटनी मागायला लागला. मला वाटलं, तुमी लवकर मुद्द्यावर येशीला. तवर मी वाढत ऱ्हायले."

शिवकुमारनं त्यांच्याकडे केविलवाणं पाहिलं. शेवटची भाकरी ताटात जशीच्या तशी होती.

बाहेर पुन्हा हॉर्न वाजला. अण्णांनी आईकडे पाहिलं. आई ताटाकडे बघत होती. अण्णांनी मुकाट्यानं मांडी घातली, शिवकुमारच्या ताटातली भाकरी उचलून कडकन दोन तुकडे केले, एक बुवांच्या हातात दिला आणि म्हणाले, "बुवा, आता गाऊ नका. चावा."